तिथी पाहून निघणारी होडी

नोव्हेंबर उलटला की ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडे एकाच प्रश्नाची रीघ लागते: "रविवारी फ्लेमिंगो बघायला किती वाजता येऊ?" विचारणाऱ्याच्या मनात सकाळचे साडेसहा-सात असतात. पक्षी बघायचे तर भल्या पहाटे उठायचं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ठाण्याच्या खाडीत मात्र या प्रश्नाला सरसकट उत्तर नसतं, कारण ते कुठला रविवार यावर ठरतं. या रविवारी सकाळी आठला जिथे पाणी तुडुंब असतं, तिथे पुढच्या रविवारी आठला चिखल दिसतो. होडी सुटण्याची वेळ कार्यालय ठरवत नाही. ती चंद्र ठरवतो आणि कार्यालय फक्त फळ्यावर लिहितं.

मुंबईच्या कोळीवाड्यांतल्या जुन्या माणसांना यासाठी तक्ता लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळाली. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला भरती मध्यान्ह-मध्यरात्रीच्या आसपास येते आणि प्रतिपदेपासून मोजणी नव्याने सुरू होते. दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांना थोडंसं कमी अंतर असतं, त्यामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. पाऊणपटीच्या हिशेबातला तिथीमागचा पाऊण तास तो हाच. खाडीत आत, ऐरोलीपर्यंत पाणी पोचायला थोडा उशीर होतो, तेवढा धरून चालायचं.

वेळेइतकाच पाण्याचा जोरही महत्त्वाचा असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं. मोठ्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि उतरतंही तितकंच खाली. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी ना धड चढतं ना धड उतरतं. फ्लेमिंगो दाखवणाऱ्या होडीचं सगळं गणित पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी या दोन टोकांच्या मध्ये बसवावं लागतं. पूर्ण भरतीला गाळ पाण्याखाली जातो. पक्ष्यांना उभं राहायला जागा उरत नाही, ते दुसरीकडे निघून जातात. पूर्ण ओहोटीला गाळावर हजारो पक्षी उतरलेले असतात, पण जेटीपाशी होडीखाली पाणी नसतं. तेव्हा पाणी उतरत असताना किंवा चढत असताना जो अवधी मिळतो, तो धरायचा. खाडीच्या मधल्या प्रवाहात होडी तरंगेल इतकं पाणी हवं आणि कडेला पक्ष्यांचे पाय टेकतील इतका गाळ उघडा हवा. शुद्ध चतुर्थीच्या रविवारी ओहोटी सकाळी नवाच्या सुमारास येते. म्हणजे होडी नवाच्या अलीकडे पाण्याबरोबर उतरत काढायची, नाहीतर नंतर चढत्या पाण्याबरोबर. ज्यांना दुपारची वेळ मिळते ते आधी कुरकुरतात, मग होडीत बसल्यावर गप्प होतात.

खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य ज्या जागेवर आहे ती पाहिली तर इथे पक्षी येतातच कसे, असं कोणालाही वाटेल. ठाण्याची खाडी सुमारे सव्वीस किलोमीटर लांब. उत्तरेकडे ती एका अरुंद पट्टीने उल्हास नदीशी जोडलेली आहे, दक्षिणेकडे मुंबई बंदराच्या पाण्यात उघडते. पश्चिमेला भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी. पूर्वेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि नवी मुंबई. खाडीवरून उच्चदाबाच्या तारा गेल्या आहेत, पूल आहेत, डोक्यावरून विमानं जातात. यातला ऐरोली पूल ते वाशी पूल यांमधला भाग राज्य सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' म्हणून जाहीर केला. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. मालवणनंतरचं हे महाराष्ट्रातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जागा मिळाली. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरची राज्यातली ही तिसरी रामसर पाणथळ. रामसरच्या नोंदीत अभयारण्याबरोबर भोवतालचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रही धरलं असल्याने तिथला आकडा साडेसहा हजार हेक्टरच्या घरात जातो.

अभयारण्य सांभाळणारी यंत्रणाही तशी तरुण आहे. राज्याच्या वनविभागाने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष उभा केला, पुढे त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान आलं. त्याआधी खारफुटी म्हणजे कचरा टाकायची, भराव घालायची, झोपड्या आणि इमले दोन्ही उभे करायची जागा होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर आणि त्यांतल्या बांधकामांवर बंदी आणली, तेव्हापासून वारं फिरलं. ऐरोलीचं केंद्र जर्मन सहकार्यातून २०१७ मध्ये सुरू झालं. किनाऱ्यावरच्या जिवांची माहिती देणारी दालनं तिथे आहेत, क्लाउनफिशसारख्या शोभिवंत माशांची हॅचरी आहे, आणि होडीची जेटी आहे. शनिवार-रविवारी फ्लेमिंगोसाठी रांग लागते, पण केंद्राचं खरं काम आठवड्याच्या मधल्या दिवशी दिसतं, जेव्हा एखाद्या शाळेची बस आवारात रिकामी होते.

पोरांना आधी कांदळवनात नेतात. त्यांचा पहिला शेरा ठरलेला असतो: "वास येतोय!" तो गाळात कुजणाऱ्या पाल्याचा, गंधकाचा वास असतो. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवराची मुळं जमिनीतून वर निघून पेन्सिलींच्या रांगेसारखी उभी राहतात आणि ओहोटीला हवा घेतात. गाईड तिवराचं एक पान तोडते आणि उलटसुलट करून दाखवते. म्हणते, "जीभ लावून बघ." एखादा धीट मुलगा लावतो आणि तोंड वाकडं करतो: खारट! मुळांतून आत आलेलं जास्तीचं मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. उन्हात त्याचे पांढरे कण पानावर बोटाला लागतात. कांदळाने वेगळी युक्ती काढली आहे. त्याचं बी झाडावरच रुजतं, हातभर लांब हिरवी शेंग होऊन लोंबतं आणि तयार रोप होऊनच खाली पडतं, म्हणजे भरतीने वाहून नेलं तरी जिथे अडकेल तिथे मूळ धरता येतं. चिप्पी, मारांडी, हुरा अशी एकेकाची ओळख होत जाते. यातल्या पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान दिला.

मुलांची सगळ्यात लाडकी मात्र निवटी. मासा असून ती पाणी सोडून चिखलावर येते, पुढच्या परांवर रेटा देत सरपटते, जागा सांगायला पाठीवरचा पर उभारून उडी मारते. डोळे कपाळाच्या वर. तोंडात आणि कातडीवर ओल टिकवून ती हवेतच श्वास घेते. कोळ्यांच्या घरी ती कालवणात पडते, आणि एखाद्या पोराने "ही आमच्याकडे खातात" असं सांगितलं की बाकीच्यांची नजर त्याच्याकडे आदराने वळते. गाईडने शिकवलेल्या दहा गोष्टींत ही एक पोराने शिकवलेली असते.

होडीत बसायच्या आधी जॅकेट चढवतात आणि सूचना मिळतात. मोठ्याने बोलू नका, उभे राहू नका, पक्ष्यांकडे बोट दाखवून ओरडू नका. होडी सुटते. पहिली दहा-पंधरा मिनिटं फ्लेमिंगो कुठेच नसतात, आणि जाणता गाईड हाच वेळ वापरतो. डांबरी खांबावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा, कांदळवनाच्या कडेला राखाडी समुद्र बगळा, पाण्यावर घिरट्या घालणारे कुरव आणि त्यांच्याहून सडपातळ सुरय. गाळ दिसू लागला की त्यावर लांब लाल पायांचे शेकाट्या, वर वळलेल्या चोचीने पाणी कापत चालणारे उचाट्या, आणि सैरावैरा धावणारे तुतवार, टिलवे. यांतले कित्येक तुतवार-टिलवे मध्य आशिया आणि सायबेरियातून इथे आलेले असतात. मूठभर वजनाचे हे पक्षी त्या वजनात हिमालय ओलांडतात. पण होडीतल्या माणसाचे डोळे गुलाबी रंग शोधत असतात, त्यामुळे यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही. गाईडची कसोटी तिथेच लागते.

मग पश्चिमेच्या कडेला एक फिकट पट्टा दिसतो. जवळ गेल्यावर तो सुटा होतो, त्याला पाय फुटतात, माना दिसतात. एका ठरावीक अंतरावर इंजिन मंद होतं किंवा बंद केलं जातं आणि होडी पाण्याबरोबर वाहत राहते. हे अंतर राखणं फार महत्त्वाचं आहे. पक्ष्यांनी माना वर केल्या, खाणं थांबवलं आणि एका दिशेला चालायला लागले, की आपण जास्त जवळ आलोय असं समजायचं. त्यापुढे रेटलं तर सगळा थवा उठतो. फोटो सुरेख मिळतो, पण ओहोटीच्या मोजक्या तासांतला खाण्याचा वेळ पक्ष्यांनी उडण्यात घालवलेला असतो. हा साधा हिशेब गाईड ज्या होडीत नीट सांगतो, त्या होडीत "अजून जवळ घ्या ना दादा" हे वाक्य कुणी दुसऱ्यांदा म्हणत नाही.

इथे रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, दोन्ही जाती दिसतात. मोठा रोहित उंच, गुलाबी चोचीचा, टोक तेवढं काळं. रंगाने जवळजवळ पांढरा. छोटा रोहित त्याच्या खांद्याइतका, रंगाने गडद आणि चोच काळपट लाल. ठाण्याच्या खाडीत संख्येने छोटे रोहितच जास्त. दुर्बिणीतून एकाच पक्ष्यावर नजर ठेवली तर ते चोच वापरतात ती तऱ्हा कळते. मान खाली सोडून डोकं उलटं करतात, म्हणजे वरची चोच खाली जाते. पाणी जिभेने आत ओढायचं आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीतून बाहेर लोटायचं. जे अडकेल ते अन्न. जीभ इतक्या वेगाने हलते की आपल्याला फक्त चोचीच्या कडेला सतत थरथरणारं पाणी दिसतं. छोट्या रोहिताची झालर इतकी दाट असते की त्यात सूक्ष्म शेवाळ आणि डायटम अडकतात. मोठ्याची झालर विरळ, तो गाळ पायाने ढवळून कोळंबीची पिल्लं, किडे, अळ्या गाळून घेतो. म्हणून दोघे एकाच गाळावर चरले तरी एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. पिसांतला गुलाबी रंग याच अन्नातून येतो. थव्यात राखी, मळकट पक्षी दिसले तर ते आजारी नसतात. ती पिल्लं असतात, रंग चढायला त्यांना दोन-तीन वर्षं जावी लागतात.

मुंबईच्या खाडीत छोटे रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकात, आधी शिवडीच्या गाळावर. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) तिथे फ्लेमिंगो महोत्सव सुरू केले आणि गोदीच्या कडेला दुर्बिणी घेतलेली गर्दी जमू लागली. नंतर भांडुप-ऐरोलीचा पट्टा शिवडीपेक्षा जास्त गजबजला. अलीकडच्या वर्षांत खाडीतल्या पक्ष्यांचा अंदाज एक लाखाच्या वर गेला आहे.

ते इथे का आले, हा प्रश्न होडीत हमखास निघतो आणि गाईडसाठी तोच सगळ्यात अवघड. एक सोपं उत्तर लोकांच्या तोंडी बसलंय: सांडपाण्यामुळे. त्यात थोडं तथ्य आहे. दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ वाढतं, आणि छोट्या रोहिताचं जेवण तयार होतं. पण यावरून खाडीत घाण असलेली बरी, असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. शेवाळ वाढवणाऱ्या त्याच पाण्यातून कारखान्यांची रसायनं, जड धातू आणि प्लास्टिकही येतं. प्रदूषण एका मर्यादेपलीकडे गेलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि अन्नसाखळीच कोलमडते. पक्षी आले म्हणून पाणी चांगलं, किंवा पाणी खराब म्हणून पक्षी आले, या दोन्ही वाक्यांत होडीचा वेळ वाया जातो. चांगला गाईड काठाकडे बोट करतो आणि सांगतो की याच खाडीत पूर्वी कोळ्यांना जिताडा, बोय, कोळंबी, चिंबोरी मुबलक मिळायची. फ्लेमिंगोंचा आकडा वाढत असताना जाळ्यातला घास आटत गेला. खाडीची तब्येत ठरवायची तर या दोन्ही आकड्यांकडे बघावं लागतं.

खाडीकाठच्या दिवा, गोठिवली, वाशी अशा गावांतल्या माणसांनी हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या वाचलेलं आहे. कुठे वाळूचा बांध चढलाय, कुठल्या खुणेला वळायचं, पाणी फिरायला किती वेळ राहिला, हे सांगायला त्यांना यंत्र लागत नाही. पर्यटकांसाठी होडी चालवायची तर या माहितीला तोड नाही. राज्यात इतरत्र याच पायावर चांगली कामं उभी राहिली आहेत. उजनीच्या पाण्यावर भिगवणजवळ कुंभारगावचे मच्छीमार हिवाळ्यात मोठे रोहित दाखवायला होड्या काढतात. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत 'स्वामिनी' या महिला बचतगटाने वल्ह्याच्या होडीतून कांदळवन सफारी चालवून दाखवली. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या कामातून कासव महोत्सव उभा राहिला. तिथे पाहुणे गावातल्या घरांत उतरतात आणि पिल्लं घरट्यातून निघतील त्या वेळी वाळूवर हजर राहतात. पिल्लं एखाद्या सकाळी निघालीच नाहीत तर पाहुणे हात हलवत परततात. या सगळ्या ठिकाणी प्राण्याचं वेळापत्रक माणसावर लादलेलं असतं, आणि माणूस ते मान्य करून पैसे मोजतो. पिंजऱ्यातल्या प्राणिसंग्रहालयापेक्षा हा अनुभव वेगळा पडतो, तो यामुळेच.

ऐरोलीच्या कार्यक्रमाचं मोठेपण मला इथे दिसतं. घड्याळावर जगणाऱ्या दोन शहरांतल्या लोकांना तो तासाभरासाठी तिथीवर आणतो. पण याच कार्यक्रमाची एक उणीवही आहे, आणि ती तपशिलाची नाही. होडी पाहुण्यांना ओहोटीचे फ्लेमिंगो दाखवते. भरतीचे दाखवत नाही.

भरतीला गाळ बुडाला की लाखभर पक्षी कुठे जातात? ते मुख्यतः पूर्वेकडे उडतात. नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळी, टी. एस. चाणक्य आणि एनआरआय परिसरातली तळी, डीपीएस तलाव, उरणकडचं पाणजे, इकडे पश्चिमेला भांडुप उदंचन केंद्रामागची पाणवठ्याची जागा. घोट्याभर पाण्यात एका पायावर उभं राहून ते भरती ओसरायची वाट बघतात. दिवसाच्या चोवीस तासांत दोन भरत्या, म्हणजे पक्ष्याच्या आयुष्याचा मोठा हिस्सा या तळ्यांवर जातो. आणि यांतली बहुतेक तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. बीएनएचएसने या जागांना अभयारण्याच्या उपग्रह पाणथळी मानून त्यांच्या व्यवस्थापनाचा आराखडा मांडला, तो याच कारणासाठी. गाळ राखला पण भरतीचा विसावा गेला, तर पक्ष्याला अर्ध्या दिवसाचंच अभयारण्य मिळतं.

हे काल्पनिक भय नाही. नेरूळच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स करायच्या योजनेविरुद्ध नागरिक उच्च न्यायालयात गेले. २०१८ मध्ये न्यायालयाने ती अडवली आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२४ च्या एप्रिल महिन्यात डीपीएस तलावात भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्याने तळं सुकलं, तिथे फ्लेमिंगो मेले, आणि बातम्या झाल्या तेव्हा वाटा मोकळ्या करण्याची धावपळ झाली. पुढच्या वर्षी राज्य वन्यजीव मंडळाने त्या तीस एकरांच्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर रात्री उतरत्या विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला आणि ३९ पक्षी रस्त्यावर, गच्च्यांवर पडले. फ्लेमिंगो रात्रीही उडतात. बसायच्या आणि चरायच्या जागांमध्ये त्यांची ये-जा चालू असते. त्या रात्री ते तसे का उडाले यावर बरेच तर्क झाले. पण विमानतळालगतच्या शहरात पक्ष्यांच्या विसाव्याच्या जागा उद्ध्वस्त झाल्या तर त्यांच्या वाटा बदलणार, एवढं समजायला तर्काची गरज नाही.

हे पक्षी आपले कायमचे रहिवासीही नाहीत. मे-जूनमध्ये ते निघतात. पाऊस पडून कच्छचं रण भरलं की तिथल्या उथळ खाऱ्या पाण्यात ते चिखलाचे उंचवटे उभारून अंडी घालतात. सालिम अलींनी १९४५ मध्ये रणातली ती वसाहत पाहून तिथे पाच लाख पक्षी असावेत असा अंदाज केला होता. बीएनएचएसने २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या काही फ्लेमिंगोंच्या पाठीवर जीपीएस ट्रॅकर बसवले. त्यांतल्या एकाचं नाव पक्षिशास्त्रज्ञ हुमायूं अब्दुलाली यांच्यावरून 'हुमायूं' ठेवलं होतं. ट्रॅकरच्या नकाशावर हे पक्षी गुजरातला पोचलेले दिसले आणि आत्तापर्यंत अंदाजाने बोलली जाणारी गोष्ट पक्ष्यानेच सिद्ध केली. गुजरातच्या रणातलं पाणी, नेरूळची तळी आणि भांडुपचा गाळ या तीन जागा एका पक्ष्याच्या आयुष्यात आहेत. यातली एक सरकली की बाकी दोन ठिकाणी केलेला खर्च वाया जातो.

म्हणून या कार्यक्रमात दुसरा भाग जोडायला हवा, असं मला वाटतं. एकाच तिकिटावर दोन वेळा: ओहोटीला होडी, आणि त्याच दिवशी भरतीला नेरूळच्या पाणथळीच्या काठावर दुर्बीण. खर्च फारसा नाही. होडी लागत नाही, जेटी लागत नाही. काठावर चालायची वाट आणि गाईड पुरेत. तिथले काठाकाठाने सकाळी फिरायला येणारे रहिवासी आधीच फ्लेमिंगो मोजतात, फोटो टाकतात, पाणी आटलं की तक्रार करतात. डीपीएस तलावाची वाट बंद झाल्याचं पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आलं. त्यांना कार्यक्रमाचे भागीदार करून घेतलं तर वनखात्याला रोजची नजर फुकट मिळेल, आणि होडीतून उतरलेल्या पाहुण्याला कळेल की आपण पाहिलेला थवा संध्याकाळी कुणाच्या खिडकीखाली उभा राहतो.

अडचण एकच आहे. होडी खाडीत असते, तिथे सगळे एकमेकांशी सहमत असतात. तळं मात्र जमिनीवर असतं, आणि नवी मुंबईत जमिनीला भाव आहे. तिथे पाहुणे नेणं म्हणजे ज्या जागेवर उद्या इमारत उभी राहू शकते, ती जागा शेकडो लोकांना ओळखीची करून देणं. कुणाला ते गैरसोयीचं वाटेल. पण पर्यटन कार्यक्रमाला अभयारण्याच्या नावाखाली चालायचं असेल, तर गैरसोयीची जागा दाखवणं हेच त्याचं काम आहे. सुंदर जागा दाखवायला कुणी अडवत नाही.

अशा कार्यक्रमाचं यश तिकिटांच्या संख्येवरून मोजणं सोपं आहे, आणि सरकारी अहवालात तेच मोजलं जातं. खरं मोजायचं असेल तर वेगळा आकडा बघावा लागेल. एखाद्या पाणथळीवर भराव पडायला लागला, जमिनीचा वापर बदलण्याची नोटीस निघाली आणि हरकती-सूचनांसाठी मुदत दिली, की त्या फायलीत किती अर्ज येतात आणि त्यांतले किती ऐरोलीच्या होडीतून फिरून आलेल्या माणसांनी लिहिलेले असतात, हा तो आकडा.